साहेब नसलेल्या कंपनीचा साहेब

"इथे कोणी साहेब नाही," असं म्हणताना त्याचा उजवा हात पँटच्या खिशावर जायचा. त्या खिशात गोदामाची एकुलती एक किल्ली असायची.

मुलांनो, तुमच्या ऑफिसांतही असा एखादा असेल, म्हणून याची ओळख करून देते. हा माझा जुना विद्यार्थी. बेंगळुरूची नोकरी सोडून सावली या आपल्या गावी परतला आणि त्यानं मोहफुलांचे लाडू करायची कंपनी काढली. इंग्रजी पत्रं लिहायला मला बोलावलं. "मॅडम, आपल्याकडे वर-खाली काही नाही. सगळे निर्णय गोलात बसून घ्यायचे."

पहिल्याच दिवशी त्यानं फर्मान काढलं, "मला नावानंच हाक मारायची."

"बरं साहेब," अकरा बायका एका सुरात म्हणाल्या.

गोलाची गंमत तर बघण्यासारखी होती. सतरंजीवर तो मुद्दाम दाराशी, चपलांजवळ बसायचा. बायका लगेच सरकून त्याच्याकडे तोंड करायच्या. तो खिडकीशी बसला, तर गोल खिडकीकडे वळायचा. आधी त्याचं मत, मग सगळ्यांच्या माना. डब्याचा रंग ठरवायला चार बैठका झाल्या आणि ठरला तो त्याला पहिल्या दिवशी आवडलेलाच. याला तो एकमत म्हणायचा. स्वतःचा कप मात्र स्वतः विसळायचा. ढोंगी नव्हता, त्याला खरंच तसं वाटायचं.

बायकांत मैनाबाई वयानं मोठी. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावातून विधवा लेकीजवळ राहायला आलेली. घर मैनाबाईच्याच कामावर चालायचं.

एप्रिलमध्ये अंगणभर मोहफुलं वाळत होती आणि भरदुपारी आभाळ काळं झालं. ताडपत्र्या गोदामात, गोदामाला कुलूप, किल्ली खिशात आणि खिसा नागपुरात, 'साहेबाशिवाय कंपनी' या विषयावर भाषण देत. फोन बंद. मी शिस्तीत म्हटलं, सगळ्या मिळून ठरवू. गोल बसायलाही लागला. तेवढ्यात मैनाबाईनं दगड उचलला आणि कुलूप फोडलं.

मोह वाचला. दुसऱ्या दिवशी तो परतला, त्यानं गोदामाला नवं कुलूप लावून त्याची किल्ली खिशात टाकली आणि गोल बसला.

"कुलूप फोडायचं एकटीनं कसं ठरवलं? आपल्या पद्धतीत हे बसत नाही. मैनाबाईंनी इथे राहावं का, ते सगळ्यांनी ठरवा. मला वाटतं, राहू नये. पण हे फक्त माझं मत."

दहा माना हलल्या. अकरावी माझी, ते लपवत नाही.

मैनाबाई पदर खोचत म्हणाली, "मंग पान्याले काय सांगू? थांब बापा, मिटिंग व्हाची हाये?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आमच्या गावात बी सारे गोलच बसते, भाऊ. पन कोठाराची चाबी ज्याच्यापाशी, तो आखरीले बोलते. तू पहिलेच बोलून राह्यला. मंग आमी काय बोलाव?"

त्याचा हात खिशावर गेला. मग खिशातून किल्ली काढून त्यानं सतरंजीच्या मधोमध ठेवली. "घ्या. कोणीही ठेवा."

कोणी हात लावेना. कोणी घ्यायची ते तो सांगेल, म्हणून सगळ्या त्याच्याकडे बघत राहिल्या. चहा निवला. शेवटी तो पुटपुटला, "मैनाबाई, तुम्हीच घ्या."

त्याचा हा पहिला उघड हुकूम. दहा माना अगदी मनापासून हलल्या.

मैनाबाई राहिली. तोच वर्षभरात पुण्याला गेला; तिथे लोकांना साहेबाशिवाय कंपनी चालवायला शिकवतो. दिवाळीला फोन करतो. "माझ्यावाचून काही अडत नाही ना, मॅडम?" नाही म्हटलं, की "नक्की ना?" असं पुन्हा विचारतो.

गोल अजून बसतो. मैनाबाई किल्ली कमरेला खोचून सगळ्यांच्या शेवटी बोलते. फक्त दाराशी, चपलांजवळ एक जागा रिकामी असते आणि बोलायच्या आधी प्रत्येक बाई एकदा तिकडे बघून घेते.