मेलेल्या सत्यवानाची शिफ्ट

आमच्या बॅले मंडळाचा इतिहास कुणी लिहिला नाही ते बरंच झालं, कुणाला खरा वाटला नसता. आमच्या कॅम्प-१ वसाहतीच्या गणपतीत चार हौशी लोकांनी सुरू केलेलं मंडळ बघता बघता एवढं फुगलं, की कुम्हारीला खेळ करायला जायचं तर एक बस पुरेना. लोक म्हणायचे, काय ही कलेची आवड! आवड कसली डोंबलाची, सगळी शिफ्टची करणी. नाचणारे झाडून सगळे स्टील प्लांटमधले. या आठवड्यात पहिली शिफ्ट, पुढच्यात दुसरी, मग नाइट. म्हणून मंडळ काढणाऱ्या फोरमनकाकांनी प्रत्येक भूमिकेला तीन तीन माणसं नेमली. तीन नारद, तीन राजे. माणसं तिप्पट झाली, म्हणून त्यांची बायकापोरं, म्हणजे प्रेक्षकही तिप्पट. राजाचा मुकुट मात्र एकच. हथखोजच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून केलेला तो मुकुट एका घामट डोक्यावरून दुसऱ्यावर जायचा.

मुलींना कुठली शिफ्ट! त्यामुळे सावित्री मी एकटी आणि सत्यवान तीन. आई मला बजावायची, "बाहेर कोणाले सांगू नको वं."

रविवारी दुपारच्या खेळाची रीत ठरलेली होती. दुसऱ्या शिफ्टचा सत्यवान माझ्याशी लग्न करायचा, लाकडं तोडायचा, मरायचा आणि दोनच्या आत ड्यूटीवर पळायचा. नाइटवाला मग चादरीखाली प्रेत होऊन पडायचा. त्याला तशीही झोप हवीच असायची. शेवटी पहिल्या शिफ्टचा सुटून आला की तो जिवंत होऊन उठायचा. म्हणजे माझा नवरा काळा आणि काटकुळा मरायचा, मधे थोडा घोरायचा आणि गोरा, गुबगुबीत होऊन उठायचा. आमच्या प्रेक्षकांना यात काही वावगं वाटत नसे. रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. बदली सुरळीत झाली की ते चक्क टाळ्या वाजवायचे.

माझ्या वडिलांना मात्र हे सगळं थेर वाटायचं. ते प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. एका वर्षी भोपाळहून पाहुणे खेळ बघायला येणार होते आणि पसंत पडला तर तिकडच्या महोत्सवाचं बोलावणं मिळणार होतं. बाबांनी सांगून टाकलं, "मी एकडाव पाहीन. बरं वाटलं तं भोपाळ. नाही तं घुंगरू भंगारात." त्यांनी माझा नाच कधीच पाहिला नव्हता. मला भोपाळला जायचंच होतं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त, त्यांनी बघावं असं वाटत होतं.

त्या रविवारी त्यांची सुट्टी होती. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, दातदुखी झाल्यासारखं तोंड करून ते बसले होते. लग्न झालं, लाकडं तोडली, सत्यवान मेला. पण नाइटवाला आलाच नाही. तो घरी तापाने फणफणला होता, हे नंतर कळलं. मी यमाची विनवणी करत नाचत होते आणि चादरीखालून प्रेत कुजबुजत होतं, "काका, दोन वाजून राहिले."

यम झालेले फोरमनकाका गिरकी घेता घेता म्हणाले, "पड थोडा. पहिल्या शिफ्टवाला येऊन राहिला ना!"

"तो कसा येईल? तो माह्याच क्रेनवर हाय. मी गेल्याबिगर त्याले सुट्टी नाही."

काकांची गिरकी अर्ध्यावर थांबली. एकाच क्रेनचे दोन सत्यवान त्यांनी स्वतःच निवडले होते. हा गेल्याशिवाय तो येणार नाही आणि तो आल्याशिवाय हा जाणार नाही. पेटीवाला तेच कडवं पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. यमाकडे मागण्यासारखं मला काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात बाबा उठले. मला वाटलं, चालले घरी, संपलं सगळं. पण त्यांनी नाचाच्या लाकडी तख्ताच्या कडेला चपला काढल्या, वर चढले आणि प्रेताला म्हणाले, "तू जाय बे ड्यूटीवर. मी पडतो." मग काकांकडे वळले. "पडतो, पण उठीन नाही. पोरीचा नवरा होऊन उठू काय?" आणि पँट-शर्टातच चादर ओढून आडवे झाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र रागाने धुमसत होते. एवढे आले ते आले, आणि नेमकं तोंड झाकून पडले! त्या रागात मी जी नाचले, तशी कधी नाचले नव्हते. काकांनी दोनदा वर दिला, दोन्ही वेळा प्रेत हललं नाही. शेवटी गोरा सत्यवान सेफ्टी बूट घालून धापा टाकत आला, बाबांच्या शेजारी चादरीत शिरला आणि लगेच जिवंत होऊन बाहेर निघाला.

प्रेक्षकांतून उठून मरणारा माणूस भोपाळच्या पाहुण्यांना भलताच आधुनिक वाटला. त्यांनी तिथेच बोलावणं दिलं. सगळे त्यांच्यामागे चहाला गेले, पण बाबा अजून तसेच पडलेले. मी फणकाऱ्यानेच चादर ओढली. चादरीच्या कडेखाली त्यांचा उजवा पंजा फळीवर पालथा होता, लालबुंद, सुजून टम्म झालेला. त्यांनी तो हळूच उचलला. खाली फळीतून नखभर वर आलेला खिळा होता.

एवढा वेळ मी त्या हातावर नाचत होते. दुमडलेली चादर असेल, असं समजून टाचा आपटत होते. मला रडू फुटलं.

"बाबा, सांगतलं कावून नाही?"

"मेलेला माणूस बोलते काय?" ते उठून बसले आणि हात झटकत म्हणाले, "भोपाळले पहिले तख्त मी पाहीन. मंग तू नाच."