आबांची सुभेदारी

म्हसवडच्या स्टँडवर सांगलीची एस.टी. लागली, तेव्हा आबा, माझे वडील, माझ्याआधी आत चढले. एक पाय गुडघ्याखाली लाकडाचा, तरी खिडकीची जागा त्यांनीच धरली. मला बसवलं, खाली उतरले आणि म्हणाले, "हापिसात खुर्ची मिळंल, पोरी. समोरच्याला उभं ठिवू नगंस." आईनं भाकरी-चटणीचं गाठोडं खिडकीतून दिलं. मला सरकारी कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली होती. ज्या सरकारनं आबांना खोटं ठरवलं, त्याच सरकारची.

गावातच राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला हे ठाऊक आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी सांगते. आबा ट्रक ड्रायव्हर. एकाहत्तरच्या लढाईत सरकारनं त्यांचा ट्रक रेशन पोचवायला सरहद्दीकडे नेला, चालवायला आबांनाही नेलं. तिथं बॉम्ब पडला. ट्रक गेला, पाय गेला. आपल्या गावात घरटी एक फौजी. लढाईत जखमी होऊन आलेला माणूस फौजी नाही, हे गावाला पटेचना. शाळेच्या मास्तरांनी पेन्शनच्या अर्जात आबांना 'जवान' लिहिलं. उत्तर आलं, या नावाचा जवान नाही. गाव चिडलं; पुढच्या अर्जात आबा हवालदार झाले, त्याच्या पुढच्यात सुभेदार. सरकार नाकारत गेलं आणि गाव बढती देत गेलं. शेवटी लिहून आलं, की अर्जदार तोतया आहे. तेव्हापासून आबांनी शाळेच्या झेंडावंदनाला जाणं सोडलं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

सांगलीत पहिल्याच महिन्यात मला कळलं, की कचेरी कागदावर असतं तेवढंच शोधते, बाकीचं विचारायची तसदी घेत नाही. मी रजा काढून गावी आले, आईच्या ट्रंकेतून ट्रक नेल्याचा सरकारी हुकूम शोधला आणि नवा अर्ज टाइप केला: 'मी सैनिक नाही. ड्रायव्हर आहे.' आबा सही करेनात. गावानं दिलेली सुभेदारी एका सहीनं घालवायची? आई म्हणाली, "आवं, खरं लिवायला लाजताय व्हय?" मग सही झाली.

पुढच्या सव्वीस जानेवारीला जीपमधून एक साहेब आले. शाळेच्या पटांगणात आबांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभं राहून सर्वांसमोर म्हणाले, "ट्रक आम्ही नेला, माणूस आम्ही नेला. त्यांची विचारपूस केली नाही, उलट त्यांनाच खोटं ठरवलं. चूक सरकारची आहे."

सरकारच्या तोंडून असं काही आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. आबाच अवघडले. म्हणाले, "सायेब, आमच्या गावानं बी जरा वाढवून लिवलं व्हतं." सगळं गाव हसलं, साहेबही हसले. मास्तर तेवढे आपल्या चपलांकडे बघत होते.

आता माझं बिऱ्हाड सांगलीतच आहे. बोलण्यात फाईल, रिमार्क, आवक-जावक असतं. आई म्हणते, पोरगी पार सरकारी झाली. माझ्या टेबलासमोर एक खुर्ची आहे, भांडून मिळवलेली. कागद घेऊन कुणी आलं की आधी बसवते, काय झालं ते विचारते, मग कागद वाचते.

गेल्या महिन्यात आबा पहिल्यांदा कचेरीत आले. गावात अजून त्यांना सुभेदारच म्हणतात. शिपायानं विचारलं, आपण कोण? "ड्रायव्हर," आबा म्हणाले, आणि त्या खुर्चीवर लाकडी पाय पसरून घरच्यासारखे बसले. त्या दिवशी मलाही सांगली घर वाटली.