आईच्या खोलीतली माशांची पेटी

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी सांगलीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. आष्ट्याहून रोज एसटीने जा-ये करायचो. त्या झटक्यात तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण दिवसभर ती समोरच्या भिंतीकडे पाहत पडून असायची. माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. ते सकाळीच उसाच्या रानात निघून जात आणि घरी आले तरी ओसरीवरच बसत. आईच्या खोलीत त्यांचा पाय टिकत नसे. मला त्याचा राग यायचा.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक जुनी माशांची पेटी पडून होती. लोखंडी चौकट, दोनेक फूट लांबी, काचांवर क्षारांचा पांढरा थर. गळते म्हणून डॉक्टरांनी ती केव्हाच काढून ठेवली होती. "आईसाठी नेऊ का?" मी विचारलं.

"ने," ते म्हणाले. "फक्त साबण लावू नकोस. मासे मरतात."

गोणपाटात गुंडाळून, मांडीवर धरून ती मी एसटीने घरी आणली. रविवारी अंगणात बसून लिंबाच्या फोडींनी काचा घासल्या. थर निघेपर्यंत दुपार झाली. मग चौकटीत काचा चिकटवायला भरलेली, वाळून दगड झालेली लांबी सुरीने खरवडायला घेतली आणि मागची काच टचकन तडकली. मी सुरी खाली ठेवून तसाच बसलो. आबा ओसरीवरून पाहत होते. ते उठून आले.

"आरं, अशी न्हाई निघायची ती. चौकट जरा शेकून घे, मऊ पडंल."

त्यानंतर काम त्यांनीच हातात घेतलं. फौजेत ते गाड्यांच्या दुरुस्तीखात्यात होते, हे मला ऐकून माहीत होतं. त्यांचे हात चालताना मी प्रथमच पाहिले. त्यांनी गंज घासून काढला, चौकटीला रंग दिला, नवी काच कापून आणली. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून नवी लांबी भरली. पेटी आईच्या खाटेसमोर ठेवली, पाणी भरलं आणि मी मिरजेहून चार लाल मासे आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. आई ते पाहत होती. मी जवळ जाताच तिने तोंड फिरवलं.

"माझी चूक झाली," आबा म्हणाले. "लांबी, रंग वाळू द्याया पायजे हुता. घाई केली म्या."

त्यांनी पेटी रिकामी करून उन्हात ठेवली. पुढे पंधरा दिवस ते रोज विहिरीचं पाणी आणून भरत, दुसऱ्या दिवशी उपसत, पुन्हा भरत. या खटपटीत त्यांचा बराच वेळ आईच्या खोलीत जाऊ लागला. एकदा पाणी ओतता ओतता, तिच्याकडे न पाहताच ते म्हणाले, "ईस वर्सं पलटणीत काढली. तुझ्यापशी निवांत बसायचं कवा जमलंच न्हाई. आता बसलो तर तू बोलंनास, म्हून भ्या वाटतं."

मी दारातच थांबलो. आईने डावा हात उचलून खाटेच्या कडेवर थोपटला. आबांनी घागर खाली ठेवली आणि ते तिथे टेकले.

दुसऱ्या खेपेचे मासे जगले. आईचं डावं बोट गोधडीवर त्यांच्यामागून फिरायचं. कुठला मासा पेटीतल्या पाणवेलीच्या पानाआड गेला की ती आबांकडे पाहायची आणि ते म्हणायचे, "हाय, हाय, तिकडं मागं हाय."

ती आणखी दीड वर्ष जगली, पण वाचा काही परत आली नाही. तेराव्यानंतर मावशी म्हणाली, "आता ही पेटी कुणाला तरी देऊन टाका." आबांनी आपलं अंथरूण ओसरीवरून उचललं आणि त्या खोलीत नेऊन टाकलं.