आत कोण, खाली काय, वर काय

आमच्या तळ्याकाठच्या कॅम्पात बेबी पावडरचा वास सुटला की समजायचं, मोसम संपला. इतरांकडे तो वास पाळण्यापाशी येत असेल, आमच्याकडे तो ऑक्टोबरात येतो. आणि त्याच्या पाठोपाठ येतो खांद्यावर शिडी घेतलेला रेनो हौताला.

रेनो इश्पेमिंग गावचा. जन्मभर लोखंडाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मागे लागला. मे महिन्यापासून थंडी पडेपर्यंत आम्ही सगळे इथेच मुक्काम ठोकून असतो. कॅम्पर म्हणजे खरं तर चाकांवरचं घर, पण आमची घरं वर्षानुवर्षं जागची हललेली नाहीत. माझ्या चाकांभोवती रानटी गुलाब माजलेत. हलते ती फक्त स्लाइड. बटण दाबलं की घराची एक भिंत सोफा, टेबल, खिडकी असं सगळं घेऊन खणासारखी बाहेर सरकते, आणि बोळाएवढ्या घरात चार माणसांना बसायला जागा होते. वसंतात ती बाहेर काढायची आणि हिवाळ्याआधी आत घ्यायची. आळस केला तर बर्फाच्या ओझ्याने तिचं छत बसतं, आणि पुढच्या मे महिन्यात दार उघडलं की सोफ्यावरून थेट आभाळ दिसतं.

या स्लाइडींची काळजी रेनोने आपणहून अंगावर घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. स्लाइडीच्या कडेने रबराची पट्टी असते, ती उन्हाने सुकते, चिरते, भिंतीला चिकटून बसते. रेनो ती साबणाच्या पाण्याने धुणार, जुन्या बनियनने कोरडी करणार आणि तिला पावडर लावणार. शिडीवर चढून छतावरची बर्चची पानं झाडणार. रुळात मुंग्या, पाइनच्या काड्या, पोरांचे खेळण्यातले ट्रक, जे असेल ते काढणार. हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच.

"व्हर्ना, हे रबर आहे की तुझ्या नवऱ्याची टाच?" हे मला.

"टाच बरी आहे त्याच्यापेक्षा," मी म्हणायची, आणि त्याला कॉफी आणि वेलदोड्याचा निसू पाव द्यायची. पाव हातात घेऊनच तो पुढच्या घरी जायचा.

त्याचा एक नेम होता. स्लाइड आत घ्यायच्या आधी तो बाहेरून भिंतीवर मुठीने तीनदा ठोकायचा आणि ओरडायचा, "आत कोण? खाली काय? वर काय?" आतल्या माणसाने तिन्हींची उत्तरं दिल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. एकदा कुणाचं मांजर सोफ्यामागे झोपलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालं म्हणतात. मांजर वाचलं, पण आम्ही सगळे कायमचे अडकलो. बक लाजोयच्या नव्या कोऱ्या कॅम्परला चार स्लाइडी, म्हणजे बारा उत्तरं. तो दरवर्षी वैतागायचा. "आत माझी सासू आहे रे! घे लवकर आत!"

"सासू असेल तर आधी तिला बाहेर काढ," रेनो शांतपणे म्हणायचा. "मोटार जळेल माझी."

त्याच्या स्वतःच्या घरी उत्तर द्यायचं काम त्याच्या बायकोचं, लेम्पीचं. त्यांचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. रेनो ठोकायचा, आणि आतून तिचा खणखणीत आवाज यायचा, "लेम्पी आत, खाली काही नाही, वर आभाळ! थांब, येतेय बाहेर!" मग ती टॉवेलला हात पुसत पायरी उतरायची आणि रेनो बटण दाबायचा. चाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं एकमेकांशी गोड बोलताना मी कधी ऐकली नाहीत. पण ते ठोकणं आणि ते उत्तर ऐकलं की मला लेम्पीचा हेवा वाटायचा, एवढं खरं.

मग लेम्पीच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी चुलीवरचं भांडं, मग वाटा, मग नावं. गेल्या वर्षापासून ती रेनोला "तो माणूस" म्हणायला लागली. तो माणूस चांगला आहे, मला सूप देतो, असं मला कौतुकाने सांगायची. रेनो शेजारीच उभा असायचा. तो म्हणायचा, "सूपही बरं असतं हो त्याचं." आणि पाण्याची बादली आणायला निघून जायचा. त्या वेळी बादली भरलेलीच असायची.

लेम्पीला एकच जागा धरून ठेवायची, ती म्हणजे स्लाइडीतली खिडकीजवळची बैठक. तिथे बसून तळ्याकडे बघत राहिली की तिचा जीव थाऱ्यावर असायचा. पायाखाली हलतंय, अशी तिची एकदा तक्रार झाली, म्हणून रेनोने स्लाइडीखाली लोखंडी टेकू लावला. हाच माणूस आम्हाला ओरडायचा बरं का, "टेकू लावू नका, काढायला विसराल!" तिच्यासाठी मात्र त्याने स्वतःचा नियम मोडला, आणि मला ते फार आवडलं.

पण स्लाइड कधीतरी आत घ्यावी लागतेच. गेल्या वर्षी त्याने बटण दाबलं तेव्हा लेम्पी दारातच उभी होती. बैठक, खिडकी, तळं सगळं घेऊन भिंत आपल्या अंगावर चालून येतेय असं तिने पाहिलं आणि किंचाळली. इश्पेमिंगपर्यंत गाडीत रडत होती. पुढे कितीतरी दिवस रेनोच्या शेजारी बसायची नाही. "तो माणूस भिंत ढकलतो," असं त्यांच्या मुलीला सांगायची.

या वर्षी सगळ्यांनी घरं बंद केली तरी रेनोची स्लाइड बाहेरच. आमची स्लाइड आत घेऊन गाडी भरून झाली होती, पण माझा पाय निघेना. आभाळ शिशासारखं झालं होतं आणि रेडिओवर संध्याकाळपर्यंत ओला बर्फ सांगितला होता.

"अरे, आज घेतली नाहीस तर गेली ती," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"मग?"

तो शिडीच्या पायरीवर बसला. "व्हर्ना, ती मला विसरली ते चालतं. मी नवीन ओळख करून घेतो रोज. चांगला माणूस म्हणते, तेवढं पुरे आहे मला. पण माझी भीती बसली तिच्या मनात, तर मी कुठे जाऊ? ती भीती नाही विसरत. बाकी सगळं विसरते, भीती नाही."

मी म्हटलं, "मी तिला आमच्याकडे नेते. पास्टी गरम करते. तिला दिसणारच नाही. तू पटकन उरकून घे."

लेम्पीला आमच्या गाडीशेजारी खुर्चीत बसवून गोधडी पांघरवली आणि हातात पास्टी, म्हणजे मांस-सलगम भरलेली मोठी करंजी, दिली. ती आनंदाने खायला लागली. सलगम जास्त झालाय, असंही म्हणाली. तेवढ्यात तिकडे मोटार घुरघुरली. मी कान टवकारले. ठोकण्याचा आवाज आला नव्हता. रेनोने विचारलंच नव्हतं. आणि विचारणार तरी कशाला? आतून उत्तर येणार नाही हे ऐकून घ्यायचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

मग कर्र्र असा आवाज झाला की माझ्या दातांतून कळ गेली.

आम्ही सगळे धावलो. माझा नवरा डेल होता, बक होता, कॅम्पाच्या ऑफिसातली बाई होती. स्लाइड वाकडी होऊन अर्ध्यात अडकली होती. खाली टेकू तसाच, तिरका होऊन रुतलेला. वर ओल्या पानांचा थर. मोसमभर ज्याने आमच्या छतांवरचं एकेक पान झाडलं, त्याच्याच छतावर बर्चचं अर्धं रान. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरा कुणी असता तर मी हे त्याच्या तोंडावर म्हटलं असतं. रेनो हात लोंबते सोडून उभा होता, त्याच्या डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती.

बक इतक्या वर्षांचा सूड घेईल असं मला वाटलं. पण त्याने शिडी लावली, झाडू घेतला आणि वर चढला. डेलने बटण उलटं दाबून स्लाइड बोटभर बाहेर सरकवली आणि हातोड्याने टेकू मोकळा केला. ऑफिसातल्या बाईने आपला स्कार्फ काढून रबर कोरडं केलं. पावडरचा डबा मी घेतला. रेनो म्हणत राहिला, "थोडी, थोडी, केक नाही करायचाय." तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

या गडबडीत लेम्पीला मी विसरले होते. वळून बघते तर ती गोधडी ओढत आमच्यामागे येऊन उभी. डोळे त्या अर्ध्या भिंतीवर.

"घेऊन जा तिला," रेनो हलक्या आवाजात म्हणाला. "व्हर्ना, घेऊन जा."

मी तिचा हात धरला. ती हलेना. बर्फाचे पहिले ओले ठिपके पडायला लागले होते, थांबायला वेळ नव्हता.

बक शिडीवरून उतरला. "ठोक," तो रेनोला म्हणाला.

"काय?"

"ठोक भिंतीवर. नियम म्हणजे नियम. माझ्याकडून बारा-बारा उत्तरं घेतलीस, म्हाताऱ्या, आता तू ठोक."

"कुणाला विचारू? आत कुणी नाही."

"तू ठोक तर."

रेनोने लेम्पीकडे पाहिलंच नाही. पाठ फिरवून त्याने भिंतीवर तीनदा मूठ आपटली. मग विचारलं, "आत कोण? खाली काय? वर काय?"

आम्ही सगळे खाली बघत होतो. मला वाटलं, आपणच काहीतरी ओरडावं, हे ऐकवत नाही.

माझ्या हातातला हात सुटला.

"लेम्पी बाहेर," ती म्हणाली. खणखणीत नव्हे, पण स्पष्ट. "खाली काही नाही. वर आभाळ." मग तिने वर बघितलं, चेहऱ्यावर बर्फाचा ठिपका पडला तो पुसला आणि जुन्या सुरात खेकसली, "रेनो, टोपी कुठेय तुझी? घाल आधी."

उन्हाळाभर तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं.

टोपी त्याच्या खिशातच होती. त्याने ती काढली, दोन्ही हातांनी कानांपर्यंत ओढून घातली, आणि ती बघतेय ना, याची खात्री करून घेतली. मग त्याने बटण दाबलं.