डावीकडची विमानं

आमचं घर डेपोच्या रस्त्याला लागून होतं, हीच त्या उन्हाळ्यातली मोठी अडचण. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीचे ड्रायव्हर. जामखेड-नगर ही त्यांची नेहमीची गाडी. आता ती दुसराच कोणी चालवत होता आणि अण्णा घरात होते. नाक्यावर गिअर बदलल्याचा आवाज आला की ते आतून सांगायचे, आज कोण बसलाय, क्लच कसा सोडला, ही गाडी चढाला दगा देणार. मग उठून फाटकापर्यंत जायचे. परत यायचे, खाटेवर टेकायचे, तहान नसताना माठातलं पाणी प्यायचे, पुन्हा उठायचे. मी नगरच्या कॉलेजातून परीक्षा देऊन आले होते आणि मलाही घरात करमत नव्हतं. आई म्हणायची, "एक चुलीपाशी घुटमळतीया, एक फाटकापाशी. मी कुठं बसू?"

होळीच्या सुमारास अण्णांना अर्धांगाचा हलका झटका आला होता. तोंड वाकडं झालं नाही, बोलणं गेलं नाही, डावा हात तेवढा ढिला पडला. नगरला मेडिकल व्हायची होती. पास झाले तर पुन्हा स्टिअरिंग. नाही तर हलकं काम, म्हणजे स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायच्या. त्या खिडकीचं नाव काढलं तरी अण्णा ताटावरून उठायचे. मलाही ते त्या जाळीमागे बसलेले नको होते. सरळ सांगते, मला त्याची लाज वाटत होती.

हाताला व्यायाम म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. तो त्यांनी लवकरच शेजारच्या पत्र्यावर भिरकावला. मग माझा मामा नगरहून एक वापरलेला व्हिडीओ गेम घेऊन आला. टीव्हीला जोडायचा डबा, वायरचा रिमोट आणि एक पिवळी कॅसेट.

"दाजी, डाव्या अंगठ्यानं विमान हलवायचं, उजव्यानं गोळी मारायची. ह्यो व्यायामच हाय," मामा म्हणाला.

"मी काय ल्हान पोर हाय का?" अण्णा म्हणाले. मामा चहा पिऊन गेला आणि अण्णांनी रिमोट हातात घेतला तो जेवायच्या वेळेपर्यंत सोडला नाही.

त्या कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचं छापलेलं होतं. प्रत्यक्षात खेळ मूठभर, तेच रंग बदलून पुन्हा पुन्हा येत. सगळे एकाच जातीचे. काळं आभाळ, खाली आपलं विमान, समोरून शत्रूची. एका खेळात ती रांग धरून पायरी पायरीने खाली उतरत, दुसऱ्यात गांधीलमाशीसारखी फिरून अंगावर येत, तिसऱ्यात नुसते दगड कोसळत. मोठ्या शहरांत हे खेळ जुन्या काळी उभ्या मशिनीत नाणं टाकून खेळत, असं मामा म्हणाला होता. ते सगळे कोणीतरी एका कॅसेटीत कोंबले होते.

अण्णांची खेळायची तऱ्हा बघायला गल्ली लोटायची बाकी होती. आधी ओल्या फडक्याने टीव्हीची काच पुसायची, गाडीची पुसतात तशी. रिमोटला हात लावून तो कपाळाला लावायचा. मग खाटेच्या कडेला बसून दोन्ही पाय जमिनीवर पक्के रोवायचे. संकट आलं की उजवा पाय ब्रेक दाबायचा. आणि गोळी म्हणून मारायचे नाहीत. समोरून विमान आलं की बाजूला होऊन त्याला वाट द्यायचे.

"अण्णा, ते शत्रू हायेत. त्यांना साईड काय देताय?"

"मागं मान्सं बसलीत असं समजून चालवायचं. गोळ्या काय मारतीस?"

मी हसून लोळायचे. मग हसू ओसरून वैताग यायला लागला, कारण ते सारखे मरायचे. विमान फुटलं की रिमोट खाटेवर आपटायचे. "काय बी दिसत न्हाई आन् एकदम फुटतंय. ह्यो खेळच खराब हाय." दुसरा लावायचे. तोही खराब. तिसरा, तोही. असं करत त्यांनी सगळी कॅसेट पालथी घातली आणि शेवटी कॅसेटच खराब ठरवली. तरी सोडवत नव्हती. हात मात्र खरंच सुधारत होता. डावा अंगठा आता चटपट चालायचा, आणि आई मेडिकलच्या दिवसाची वाट बघत इस्त्रीचे कपडे काढून ठेवायची.

एका दुपारी मी चिडवायचं म्हणून म्हटलं, "अण्णा, जन्मभर डाव्या बाजूनं गाडी चालवली. विमान कसं काय राँग साईडनं चालवताय?"

म्हटलं आणि मीच चमकून पडद्याकडे बघितलं. कारण ते खरं होतं. विमान कायम पडद्याच्या उजव्या कडेला. सगळ्या खेळांत. आणि मरण कायम डावीकडून.

संध्याकाळी आई कुरकुरत ताट उचलत होती. "आता ठेचा बी नको झालाय ह्यांना. मीठ बी तसंच ऱ्हातंय. दुखण्यानं तोंडाची चव गेली." मी ताट पाहिलं. भाकरी, भाजी, भात संपलेलं. डावीकडचा ठेचा, मीठ, कांद्याची फोड, कशालाच हात लागला नव्हता. अण्णांना डावीकडचं दिसतच नव्हतं.

रात्रभर मी कूस बदलत राहिले. डॉक्टर हात बघणार, कारण तक्रार हाताचीच होती. हात पास होणार. मग अण्णा गाडीवर चढणार, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्याच्या डाव्या कडेने काय काय चालत असतं. हंडे घेतलेल्या बाया, मेंढरं, सायकली.

पण सांगायचं कसं? हात सुधारल्यानं उजळलेलं त्यांचं तोंड मला उतरवायचं नव्हतं. मी दुसरी वाट काढली. एक पेला आणि चमचा घेऊन त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. "मी कंडक्टर. डावीकडनं काय आलं की एक घंटी. मोकळं झालं की डबल."

अण्णांना गंमत वाटली. विमान निघालं. टण. ते सरकले. टण टण. ते पुढे गेले. टण, टण टण, टण. घंटी ऐकायला तो माणूस जन्मला होता. कधी न पाहिलेले रंग पडद्यावर यायला लागले, विमानांची नवी नवी जात यायला लागली. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. अण्णा मोठ्यांदा हसत होते. मीही हसत होते आणि वाटत होतं, जमेल. काहीतरी करून जमेल.

मग त्यांनी खेळ मध्येच थांबवला.

"आता घंटी देऊ नको."

विमान निघालं आणि लगेच फुटलं.

"कुठनं आलं?"

"डावीकडनं."

"तुला दिसलं व्हतं?"

"कवाच."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "गाडीत माझ्या डाव्या हाताला बोनेट असतंय. कंडक्टर मागं असतोय."

उठून ते अंगणात गेले. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली, बसले आणि मला म्हणाले, "फाटकापासनं माझ्या डाव्या अंगानं चालत ये. बोलू नको. मी म्हणंन तवा थांब." त्यांनी मान ताठ केली, नजर समोर रस्त्यावर.

मी अनवाणी चालत आले. ते थांब म्हणतील म्हणून प्रत्येक पावलाला वाट बघत होते. फाटक मागे पडलं, तुळस मागे पडली. मी त्यांच्या खांद्यापाशी येऊन उभी राहिले, हात लांबवला असता तर लागला असता एवढ्यावर.

"निगालीस का?" अण्णांनी विचारलं.

मला रडू आवरलं नाही, आणि त्यावरून त्यांना कळलं मी कुठे आहे ते.

मेडिकलला मी त्यांच्याबरोबर गेले. तिथे काय बोलणार ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आईने इस्त्रीचा खाकी सदरा घालून पाठवलं होतं. डॉक्टरांनी हात दाबून बघितला, बोटं उघडमीट करायला लावली, समोरची अक्षरं वाचायला लावली. अण्णांनी मान वळवून वळवून सगळी वाचली. डॉक्टर म्हणाले, "छान. हात चांगला झालाय," आणि लिहायला लागले.

अण्णा उठले नाहीत.

"साहेब, डावीकडनं एक पोरगी आली व्हती," ते म्हणाले. "मला दिसली न्हाई."

डॉक्टरांनी मान वर केली. "अपघात झाला का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "अजून न्हाई."

परतीच्या गाडीत ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, उजवीकडच्या खिडकीशी बसले. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्याने वळून विचारलं, "काय झालं मेडिकलचं?" अण्णांनी हाताने नुसतंच पुढे बघायची खूण केली. मला त्यांनी आपल्या डावीकडे बसवलं. नगर सुटलं, रस्ता मोकळा झाला. माझ्या मनात चौकशीची ती जाळीची खिडकी येत होती आणि तिची लाज आता कुठे शोधूनही सापडत नव्हती.

बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, तो सुधारलेला डावा.

"तिकडं काय चाललंय ते सांगत जा," ते म्हणाले.

एक बाई हंडा घेऊन चालली होती, ते मी सांगितलं. तिच्यामागे शेरडं होती, ते सांगितलं. मग एक सायकलवाला आला. जामखेड येईपर्यंत मी सांगत राहिले.