काकांनी निवडलेले ब्रेक
जळक्या ब्रेक लायनरचा वास आला की मला काचीगुड्याचं ते स्पेअर पार्ट्सचं दुकान आठवतं. बाबा तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे काकांची, मालाची पिकअप चालवायचे. उतारावर गाडी लवकर थांबत नाही, असं ते बरेच दिवस सांगत होते. शेवटी काका आम्हा दोघांना घेऊन त्या दुकानात गेले. आत ऑइलचा आणि नव्या रबराचा वास कोंदला होता. दुकानदाराने काउंटरवर लायनरचे दोन डबे ठेवले, एक असली कंपनीचा, एक स्वस्तातल्या नकलीचा, आणि म्हणाला, "लोड की गाडी है साब, असली डालो." बाबांनी चांगल्या लायनरवरून अंगठा फिरवला नि हळूच म्हणाले, "दादा, हेच घेऊ या." काकांनी तो डबा बाजूला सारला. "असली माझ्या कारला द्या, तिच्यात माझी पोरं बसतात. पिकअपमध्ये काय, हा एकटाच तर असतो." दुकानदारानेसुद्धा मान खाली घातली. बाबा मात्र माझ्याकडे बघून हसले. पुढच्याच महिन्यात कुकटपल्लीला पुलावरून उतरताना ब्रेक लागलेच नाहीत. समोर बसस्टॉपवर माणसं उभी होती, म्हणून बाबांनी गाडी भिंतीवर घातली. त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. काका दवाखान्यात आले, चादरीखालच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाले, "आता ब्रेक कशानं दाबशील? मी दुसरा ड्रायव्हर बघितलाय." परवा काका आमच्या तारनाक्याच्या घरी आले, तेव्हा बाबा कुबडीवर उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे केली. काका बसले.