कंबरदुखीचा पहिला नियम

मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढलेली. त्यामुळे वडूजजवळच्या आमच्या गावात कुणाची कंबर धरली की बोलावणं मला. माणूस पालथा झोपायचा, मी कमरेला पाय लावायची आणि तो "लय बरं वाटलं" म्हणत उठायचा. असल्या खुळचटपणाचा वीट आला म्हणूनच मी फिजिओथेरपी शिकले आणि सांगलीत दवाखाना टाकला.

नव्वदच्या दशकात तिथं मणके बसवणाऱ्यांचं नुसतं पीक आलं होतं. कुणी तालमीतला, कुणी परदेशातून कायरोप्रॅक्टिकचा कोर्स करून आलेला. ज्याला जसं सुचेल तसा तो लोकांच्या पाठी मोडायचा. शेवटी सगळ्यांसाठी एक नियमावली करायचं ठरलं, समिती झाली. अध्यक्ष अर्थातच परदेशवाले. मीही समितीत होते आणि मला एकच नियम हवा होता, तोही सगळ्यात वर. कंबरदुखीबरोबर पाय बधीर झाला, लघवी अडली, तर पाठीला कुणी हात लावायचा नाही. पेशंटला थेट मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. याला कारण माझा सख्खा मामा. त्याचा पाय असाच बधीर झालेला असताना फलटणच्या एका शहाण्यानं मणका 'बसवला'. तेव्हापासून मामा पाय ओढत चालतो.

पण इथंच घोडं पेंड खात होतं. "अहो बाई, पहिल्याच पानावर हे वाचलं तर पेशंट पळून जाईल," अध्यक्ष म्हणाले. बाकीच्या नंदीबैलांनी माना डोलावल्या. मग बैठका झाल्या त्या कशावर? तर टेबल किती उंच असावं आणि तालमीतल्यानं पांढरा कोट घालावा की नाही! शिवाय दर बैठकीला कुणाला तरी शाल आणि नारळ. अरे, सत्कार कशाचा? एक ओळ तरी लिहून झाली होती का? माझा नियम आधी पार शेवटी ढकलला आणि मग जागा पुरत नाही म्हणून काढूनच टाकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अध्यक्ष माझ्या दवाखान्यात आले. मागच्या दारानं, कमरेत वाकून. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही पायाळू आहात म्हणे. जरा पाय लावता का?"

यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर परदेशी सर्टिफिकेट आणि कमरेला पायाळूची लाथ! मला हसू आवरेना. तरी सवयीनं विचारलं, "पाय बधीर झालाय का?"

त्यांनी मांडी चाचपून बघितली. मग म्हणाले, "कालपासून. लघवीलाही होत नाहीये."

माझं हसू कुठल्या कुठं पळालं. पाय लावायचा प्रश्नच नव्हता. तसंच रिक्षात घालून मिरजेला नेलं. लगेच ऑपरेशन झालं आणि साहेबांचा पाय वाचला.

पुढच्या बैठकीत माझा नियम पहिल्या पानावर, सगळ्यात वर आला. सुचवणारे कोण, तर अध्यक्ष! टाळ्या झाल्या. शाल झाली, नारळ झाला.

गावी गेले तेव्हा मामाला हे सगळं सांगितलं. वाटलं, खूश होईल. तो ओसरीवर बसून लुळा पाय हातानं उचलून सरळ ठेवत होता.

"बरं झालं की पोरी," तो म्हणाला. "पर सायबाच्या पायाला मुंग्या आल्या तर नियम झाला. माझा पाय गेला, तवा कुणाला न्हाई सुचलं व्हय?"